ज्वारीतल्या मायक्रोआरएनएला नाव कोणतं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सोलापुरात एम.एस्सी. करताहेत. मंगळवेढ्याजवळच्या शेतातली मालदांडी ज्वारी, पाण्याचा ताण बसलेली आणि न बसलेली, अशा दोन्हींच्या पानांचं स्मॉल आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे छोट्या आरएनए तुकड्यांची अक्षरं वाचून घेणं, त्यांनी बाहेरून करून घेतलं. त्यात शोधायचे असतात मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या संदेशांना आवर घालणारे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे. कंपनीच्या अहवालात ‘ज्ञात’ मायक्रोआरएनए दीडशेच्या वर आणि ‘नवीन’ चारशेच्या आसपास आहेत. मार्गदर्शक म्हणतात, जुन्या एका पेपरातल्या यादीशी ताळमेळ घाला. तो काही केल्या बसत नाही. मिरबेस या मायक्रोआरएनएच्या डेटाबेसमध्ये एक नाव, वनस्पतींच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दुसरं, आणि पेपरात तिसरंच, वर चांदणीची खूण. म्हणून त्यांनी विचारलंय, “यातला खरा डेटाबेस कोणता? आणि नवीन सापडलेल्यांना मी नावं काय देऊ?”

मी बरीच वर्षं याच कामात आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याकडून याच शब्दांत येतो. यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. माझ्या हातात जो तुकडा आहे त्याचा क्रम, म्हणजे त्यातली अक्षरांची रांग, नेमका काय? तो तुकडा खरंच मायक्रोआरएनए आहे का? आणि असला, तर त्याला म्हणायचं काय? तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात केली आहे. कंपनीचा अहवालही तिथूनच सुरू होतो, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण पहिले दोन सुटल्याशिवाय तिसरा सुटत नाही, आणि ते सुटले की तिसऱ्यात फारसं काही उरत नाही.

आधी नावं कशी पडली ते पाहू, कारण निम्मा गोंधळ इतिहासातून आलाय. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. दुसरा, लेट-७, यायला २००० साल उजाडलं. तेव्हा जनुकांना दोष पाहून नावं देण्याची पद्धत होती, म्हणून या दोघांची नावं अशी. २००१ मध्ये एकदम डझनांनी सापडायला लागल्यावर नुसते क्रमांक द्यायचं ठरलं. २००२ च्या अखेरीस ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये एक नोंदवही उघडली गेली. तिच्या पहिल्या आवृत्तीत २१८ नोंदी होत्या. तीच पुढे मिरबेस झाली आणि आता मँचेस्टर विद्यापीठातून चालते. मार्च २०१८ च्या २२ व्या आवृत्तीत २७१ सजीवांचे ३८,५८९ हेअरपिन आणि ४८,८६० परिपक्व क्रम होते. (हेअरपिन म्हणजे केसांच्या पिनेसारखी घडी पडलेला मूळ आरएनए, परिपक्व म्हणजे त्यातून कापून निघालेला कामाचा तुकडा.) आपण सगळे वापरतो ती २२.१ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली.

क्रमांक म्हणजे नोंदवहीत नाव लागल्याचा अनुक्रम. त्यात कार्याचा, महत्त्वाचा किंवा नात्याचा काही संकेत नाही. वनस्पतींचे क्रमांक १५६ पासून का सुरू होतात, असं विद्यार्थी विचारतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपातले पहिले सोळा २००२ मध्ये नोंदवले गेले, तोवर प्राण्यांची रांग तिथवर आली होती, म्हणून ते १५६ ते १७१ झाले. एवढंच कारण आहे.

याचा परिणाम तुमच्या यादीत दिसेल. अरॅबिडॉप्सिसचे मिर१६५ आणि मिर१६६ फक्त सतराव्या जागेवरच्या एका अक्षराने वेगळे आहेत. एकात तिथे सी, दुसऱ्यात यू. दोघं एचडी-झिप नावाच्या गटातल्या त्याच जनुकांचे संदेश कापतात. तरी क्रमांक दोन. मिर१५६ आणि मिर१५७ यांचंही तसंच. उलट एकाच क्रमांकाखाली जीनोममधल्या (सजीवाच्या संपूर्ण डीएनएमधल्या) दहा-बारा जागा असलेली कुटुंबंही आहेत. म्हणून नाव वेगळं म्हणजे रेणू वेगळा, किंवा नाव एक म्हणजे रेणू एक, यातलं काहीच धरून चालू नका.

आता नावाचे भाग. पुढची तीन अक्षरं सजीवाची. माणसाला एचएसए, भाताला ओएसए, अरॅबिडॉप्सिसला एटीएच आणि आपल्या ज्वारीला एसबीआय. (हो, स्टेट बँकेवरून विनोद करून झालेत सगळ्यांचे.) मग ‘मिर’ हा भाग. रोमन लिपीत त्यातला शेवटचा आर मोठा आणि आधीची दोन अक्षरं लहान असतील, तर तो परिपक्व, एकवीस-बावीस अक्षरांचा तुकडा. प्राण्यांत तिन्ही अक्षरं लहान असतील, तर हेअरपिन. वनस्पतींत तिन्ही मोठी असतील, तर जनुक किंवा हेअरपिन. प्राण्यांत क्रमांकाआधी आडवी रेघ येते, वनस्पतींत येत नाही. हे किरकोळ वाटतं, पण एक्सेलमध्ये दोन याद्या नावावरून जुळवताना मोठ्या-लहान अक्षरांचा भेद पुसला जातो. मग हेअरपिन आणि परिपक्व तुकडा एकाच ओळीत येऊन बसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

क्रमांकानंतरच्या अक्षराचा अर्थ प्राण्यांत आणि वनस्पतींत वेगळा आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. प्राण्यांत ए, बी, सी म्हणजे क्रम थोडा वेगळा. माणसाच्या लेट-७ए आणि लेट-७सी मध्ये एकोणिसाव्या जागेवर एका अक्षराचा फरक आहे. परिपक्व क्रम तंतोतंत एक पण जीनोममधली जागा वेगळी असेल, तर शेवटी रेघ देऊन आकडा येतो. लेट-७ए-१, -२, -३ हे तीन वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, पण तयार होणारा तुकडा एकच. वनस्पतींत मात्र जागा वेगळी असली की लगेच पुढचं अक्षर मिळतं, मग परिपक्व क्रम एक असो वा नसो. अरॅबिडॉप्सिसच्या मिर१५६ ए ते एफ या सहाही जागांतून वीस अक्षरांचा तोच तुकडा निघतो. ज्वारीतही १५६ च्या अनेक सदस्यांची हीच गत आहे.

तुमच्या अहवालात आधी हेच तपासा. ताण दिलेल्या पानांत मिर१५६ए, १५६बी आणि १५६सी तिन्ही ‘वाढले’ असं लिहिलं असेल, आणि तिघांचा क्रम एकच असेल, तर ते तीन निष्कर्ष नाहीत, एकच आहे, तीनदा मोजलेला. वीस अक्षरांचा रीड (सिक्वेन्सिंगमध्ये वाचला गेलेला एक तुकडा) कोणत्या जागेवरून आला हे त्या रीडवरून सांगता येत नाही. काही पाइपलाइन (विश्लेषणाचे संगणकीय प्रोग्राम) तो रीड प्रत्येक नावाला पूर्ण देतात, काही वाटून देतात, काही पहिल्या नावावर टाकून मोकळ्या होतात. मी परिपक्व क्रमाच्या पातळीवर एकदाच मोजते आणि समोर सगळी नावं लिहिते: ‘मिर१५६ ए/बी/सी’. तुमच्या दीडशे ज्ञातांची संख्या एवढ्यानेच बरीच खाली येईल. वाईट वाटून घेऊ नका. परीक्षकाने विचारल्यावर खाली येण्यापेक्षा आधी आलेली बरी.

आणखी एक. ज्वारीचा मिर१५६ए आणि भाताचा मिर१५६ए हे एकमेकांचे समकक्ष आहेत असं अक्षरावरून ठरत नाही. प्रत्येक सजीवात अक्षरं नोंदणीच्या क्रमाने पडली आहेत. ‘भातात १६९सी दुष्काळात वाढतो, आमच्याही ज्वारीत १६९सी वाढला’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की मी तिथे पेन्सिलने गोल करते. समकक्षता दाखवायची असेल तर हेअरपिनच्या आजूबाजूची जनुकं जुळवून दाखवावी लागते.

आता चांदणी. जुन्या पद्धतीत हेअरपिनच्या दोन बाजूंपैकी ज्या बाजूचा तुकडा जास्त सापडला त्याला साधं नाव आणि दुसऱ्याला चांदणी, असं होतं. पुढे सिक्वेन्सिंग खोल होत गेलं तसं लक्षात आलं की कोणती बाजू जास्त हे ऊती बदलली की बदलू शकतं. म्हणून मिरबेसने चांदणी काढून -५पी आणि -३पी आणलं, म्हणजे तुकडा हेअरपिनच्या कोणत्या बाहूवरचा. पण चांदणी म्हणजे नेहमी ३पी नव्हे, हे लक्षात ठेवा. माणसाच्या मिर-२१ मध्ये चांदणीवाला ३पी आहे, तर मिर-१२६ मध्ये चांदणीवाला ५पी. वनस्पतींत मिर१५६ चा मुख्य तुकडा ५पी बाजूचा, मिर१६६, मिर१७२ आणि मिर३९८ यांचा ३पी बाजूचा. जुन्या पेपरातल्या चांदण्या एका झटक्यात ३पी करून टाकल्या, तर तुमच्या ताळमेळात काही ओळी उलट्या होतात. पेपरच्या पुरवणीत क्रम दिलेला असतोच. तो घेऊन जुळवा, नावाला हात लावू नका.

अ‍ॅक्सेशन क्रमांकाचं काय, असंही तुम्ही विचारलंय. मिरबेसमध्ये हेअरपिनच्या नोंदीला ‘एमआय’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि परिपक्व तुकड्याला ‘एमआयएमएटी’ने सुरू होणारा. आपल्याकडे शेताला घरचे लोक ‘विहिरीचा तुकडा’ म्हणतात, भाऊबंद दुसरंच काही म्हणतात, पण तलाठ्याकडे गट नंबर चालतो. हा क्रमांक तसा आहे. मिर-९२ चं नाव पुढे मिर-९२ए झालं, मिर-१२४ए चं मिर-१२४, पण नोंद तीच राहिली. म्हणून नावापेक्षा अ‍ॅक्सेशन भरवशाचा. तरीही तो शेवटचा शब्द नाही. नोंद तीच ठेवून क्रमाचं एखादं टोक एक-दोन अक्षरांनी सरकवल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे माझ्या प्रत्येक तक्त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: प्रत्यक्ष क्रम, अ‍ॅक्सेशन आणि मिरबेसची आवृत्ती. त्यातली एकच ठेवायची झाली तर मी क्रम ठेवीन. बाकी सगळं त्यावरून पुन्हा शोधता येतं.

दुसरा प्रश्न, तुकडा खरंच मायक्रोआरएनए आहे का. तुमचा खरा वेळ इथे जायला हवा.

डेटाबेसमध्ये नोंद असणं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. कुणीतरी पेपरात दावा केला, तो छापून आला आणि नोंद झाली. माणसाचा मिर-७२० पुढे टीआरएनए या वेगळ्याच आरएनएचा तुकडा निघाला. मिर-८८६ हा व्हॉल्ट आरएनए नावाचा आणखी वेगळा प्रकार निघाला. अशा नोंदी काढून टाकल्या गेल्या, पण त्यांच्यावर लिहिलेले पेपर तसेच आहेत. प्राण्यांसाठी मिरजीनडीबी नावाचा काटेकोर डेटाबेस आहे. मिरबेसमध्ये माणसाचे १,९१७ हेअरपिन आहेत, तर तिथे माणसाची जनुकं साडेपाचशेच्या आसपास आहेत. तिथली नावंही वेगळ्या तत्त्वावर, उत्क्रांतीतल्या कुटुंबावरून ठेवलेली आहेत. मिर-२०० चं अख्खं कुटुंब तिथे मिर-८ खाली सापडतं, कारण माशीतल्या मिर-८ शी त्याचं नातं आहे. सोलापुरातच रुग्णांच्या रक्तद्रवावर काम करणारे काहीजण हे वाचत असतील. त्यांनी क्यूपीसीआरचा (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा) संच मागवण्याआधी आपला मायक्रोआरएनए या डेटाबेसमध्ये आहे का हे जरूर पाहावं, आणि संचाच्या माहितीपत्रकातला क्रम अक्षरन् अक्षर ताडून घ्यावा. पण मिरजीनडीबीत वनस्पती नाहीत, त्यामुळे ज्वारीसाठी त्याचा उपयोग नाही.

वनस्पतींसाठी मी मिरबेसबरोबर पीमिरेन हा डेटाबेस पाहते. त्यांनी २०२० मध्ये ८८ वनस्पतींची सिक्वेन्सिंगची माहिती एकाच कसोटीवर पुन्हा तपासून नोंदी केल्या, पुढच्या आवृत्तीत वनस्पतींची संख्या १७९ झाली. एकच कसोटी सगळ्यांना लावली हा त्याचा मोठा फायदा. मिरबेसमध्ये वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या कसोट्यांच्या नोंदी शेजारी शेजारी बसल्या आहेत. तिथे प्रत्येक नोंदीच्या पानावर पुरावा प्रायोगिक आहे की दुसऱ्या सजीवाशी साधर्म्यावरून घेतलेला, हे लिहिलेलं असतं. ते वाचा. दोन डेटाबेसांत ए, बी, सी अक्षरं जुळतीलच असं नाही. न जुळल्यास जीनोमवरची जागा ताडा. जागा नोंदवणाऱ्या फाइलींपैकी मिरबेसची जीएफएफ फाइल मोजणी एकपासून करते, बेड प्रकारची फाइल शून्यापासून. एका अक्षराचा फरक दिसला तर आधी हे आठवा. आणि दोन्हीकडे जीनोमची आवृत्ती एकच आहे ना, तेही पाहा.

तेव्हा ‘खरा डेटाबेस कोणता’ याचं माझं उत्तर असं: नाव आणि क्रमांक मिरबेसचा घ्या, कारण पेपर वाचणारे तोच ओळखतात. विश्वास किती ठेवायचा हे पीमिरेन आणि तुमच्या स्वतःच्या रीड्सवरून ठरवा.

आता ते चारशे नवीन. न बघता सांगते, त्यातले बहुतेक मायक्रोआरएनए नाहीत. रीड्सच्या लांबीचा आलेख काढला तर प्राण्यांच्या लायब्ररीत (एका नमुन्यातून सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या तुकड्यांच्या संचात) बावीस अक्षरांभोवती एक उंचवटा दिसतो. वनस्पतींच्या पानांच्या लायब्ररीत दोन दिसतात, एकवीसला आणि चोवीसला. चोवीसचे बहुतांश तुकडे जीनोममधल्या उड्या मारणाऱ्या घटकांना गप्प बसवणारे एसआयआरएनए, म्हणजे छोट्या आरएनएचा दुसराच प्रकार, असतात. त्यांच्या आजूबाजूचा डीएनए संगणकाला दिला की कुठे ना कुठे हेअरपिनसारखी घडी पडतेच. अहवालातले ‘नवीन’ लांबीनुसार लावून पाहा. चोवीसवाले जास्त असतील तर कोडं तिथेच सुटलं.

लांबीचा आलेख अजून एका कारणासाठी काढा. आपल्याकडे नमुने बहुतेक हैदराबाद किंवा बेंगळुरूला जातात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातून निघालेल्या खोक्यातला कोरडा बर्फ किती तास टिकला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आरएनए वाटेत तुटला असेल तर एकवीस-चोवीसचे उंचवटे बसतात आणि आलेख सपाट होतो. मग राइबोसोमचे आणि हरितलवकाच्या आरएनएचे तुकडे ‘नवीन मायक्रोआरएनए’ म्हणून वर येतात. तुमची ज्वारी रब्बीची, म्हणजे नमुने थंडीत घेतले असणार, तेव्हा बहुधा हा प्रश्न नसेल. तरी आलेख काढाच, दहा मिनिटांचं काम आहे.

चाळणी कोणती लावायची? मी २०१८ मध्ये अ‍ॅक्सटेल आणि मायर्स यांनी मांडलेल्या कसोट्या वापरते. हेअरपिन तीनशे अक्षरांच्या आत असावा. दोन्ही बाहूंवरचे तुकडे, मुख्य आणि त्याचा जोडीदार, प्रत्यक्ष रीड्समध्ये दिसले पाहिजेत, आणि जोडी लावल्यावर दोघांच्या ३-प्राइम (मागच्या) टोकाला दोन-दोन अक्षरं बाहेर राहिली पाहिजेत. जोडीत न जुळणाऱ्या जागा जास्तीत जास्त पाच, त्यातल्या एकतर्फी फुगवट्यातल्या तीनपेक्षा जास्त नकोत. त्या हेअरपिनवर पडलेल्या रीड्सपैकी किमान ७५ टक्के या दोन तुकड्यांचे असावेत, म्हणजे कापणी नेमकी आहे हे दिसतं. लांबी वीस ते चोवीसच्या आत, आणि तेवीस-चोवीस असेल तर पुरावा फारच भक्कम हवा. आणि हे सगळं किमान दोन स्वतंत्र लायब्रऱ्यांत दिसायला हवं. या शेवटच्या अटीवर बरेच ‘नवीन’ गळतात. जोडीदाराची अट ही दुसरी मोठी चाळणी. किती उरतील ते सिक्वेन्सिंगच्या खोलीवर अवलंबून आहे. चारशेतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि एकही उरला नाही तरी वाटणार नाही.

हे करायला शॉर्टस्टॅक हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते वनस्पती डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेलं आहे. मिरडीप२ प्राण्यांसाठी घडवलेलं आहे. वनस्पतींचे हेअरपिन लांबीने फार कमी-जास्त असतात, तिथे ते चाचपडतं. अहवालाच्या पद्धतीच्या भागात काय वापरलंय ते बघा. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यात नवखा माणूस अख्खी दुपार घालवतो. मिरबेसच्या, क्रम साठवलेल्या फास्टा फाइलमध्ये आरएनएची अक्षरं असतात, म्हणजे यू, आणि तुमच्या रीड्समध्ये टी. आधी बदलून घ्या, नाहीतर ‘एकही ज्ञात सापडला नाही’ असं उत्तर येतं. मात्र फक्त क्रमाच्या ओळींत बदला. शीर्षकाच्या ओळींवर तीच आज्ञा चालवली तर नावांमधलीही अक्षरं बदलतात.

मालदांडीबद्दल एक वेगळी अडचण आहे. संदर्भ जीनोम बीटीएक्स-६२३ या वाणाचा आहे, ज्याचा क्रम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमचं वाण एम ३५-१ असेल, म्हणजे आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं, तर दोन्हींत फरक असणारच. म्हणून जीनोमवर बसवताना शून्य चुका (न जुळणारं एकही अक्षर चालणार नाही) धरल्या तर मालदांडीचे स्वतःचे प्रकार गळून पडतात. एक चूक चालवली तर सिक्वेन्सिंगच्या चुकाही आत येतात. मी दोन्ही वेळा चालवते. एक चुकीने आलेला क्रम सगळ्या लायब्रऱ्यांत त्याच जागी, त्याच अक्षरासह आणि भरपूर रीड्सनी दिसला, तरच त्याला वाणाचा फरक मानते. त्याला नवीन मायक्रोआरएनए म्हणायचं नाही. ज्ञात नाव लिहायचं आणि शेजारी ‘अमुक जागी अमुक बदल’ असं नोंदवायचं. टोकाला एक-दोन अक्षरं कमी-जास्त असलेले आयसोमिरही असेच, मूळ नावाखाली पण स्वतःच्या क्रमासह. त्यांचे रीड्स मुख्य तुकड्यात मिसळायचे की वेगळे ठेवायचे हे तुम्ही काय विचारताय त्यावर आहे. ताणाची तुलना करायची असेल तर मी मिसळते, आणि तसं स्पष्ट लिहिते.

एवढं झाल्यावर तिसरा प्रश्न, नाव. चाळणीतून उरलेल्या खरोखर नवीनांना स्वतःहून ‘एसबीआय-मिर’ आणि पुढचा रिकामा दिसणारा क्रमांक लावू नका. तो अधिकार मिरबेसचा. त्यांची पद्धत अशी की पेपर स्वीकारला गेल्यानंतर आणि छापून येण्याआधी क्रम पाठवायचे, मग ते अधिकृत नाव देतात. प्रबंधासाठी तात्पुरती खूण पुरे: तुमच्या प्रयोगशाळेचं संक्षिप्त नाव, ‘उमेदवार’ असा शब्द आणि अनुक्रम. कंपनीने दिलेलं ‘नॉव्हेल-१२’ तसंच ठेवू नका, कारण दुसऱ्या प्रत्येक अहवालातही एक ‘नॉव्हेल-१२’ आहे. उमेदवाराचा क्रम ज्ञात कुटुंबाशी एक-दोन अक्षरांनीच वेगळा असेल तर तो बहुधा त्याच कुटुंबाचा नवा सदस्य. ‘मिर५२८ कुटुंबातला संभाव्य’ असं लिहा. मिर५२८ गवतवर्गीयांत सापडणारा असल्यामुळे ज्वारीत दिसला तर नवल नाही.

मार्गदर्शकांच्या ताळमेळाचं असं करा. पेपरच्या पुरवणीतून क्रम काढा आणि तुमच्या यादीशी क्रमावरून जुळवा. तीन ढीग होतील. क्रम तंतोतंत जुळणारे, एक-दोन अक्षरांनी जुळणारे, आणि न जुळणारे. पहिल्या ढिगात नावं वेगळी दिसली तर आवृत्तीचा फरक, तो तळटीपेत जातो. दुसरा ढीग हाताने पाहायचा. तिसऱ्यातल्यांसाठी पेपरवाल्यांनी पुरावा काय दिला होता ते वाचायचं. २०१८ पूर्वीच्या बऱ्याच पेपरांत जोडीदार तुकडा दाखवलेला नसतो, तेव्हा ती नावं तुमच्या यादीत नसणं हा तुमचा दोष ठरत नाही. मार्गदर्शकांना हे तीन ढीग एका पानावर दाखवा. ‘ताळमेळ बसत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘इतके बसले, इतके या कारणाने नाहीत’ म्हटलेलं त्यांनाही सोयीचं जाईल. नावं एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नेण्यासाठी मिरबेसकन्व्हर्टर हे आर या संगणकीय भाषेतलं पॅकेज आहे, पण तेही क्रम जुळवून झाल्यावर, पडताळणीपुरतं.

या सगळ्यासाठी कच्च्या फास्टक्यू फाइली, म्हणजे सगळे मूळ रीड्स, लागतील. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुमच्याकडे फक्त एक्सेल आणि पीडीएफ आहे. कंपनीला आजच पत्र लिहा आणि कोणता अडॅप्टर (तुकड्यांच्या टोकाला जोडलेला कृत्रिम क्रम) वापरला तेही विचारा, कारण तो कापल्याशिवाय एकही रीड जीनोमवर नीट बसत नाही. काही ठिकाणी ठराविक मुदतीनंतर माहिती पुसून टाकतात. फाइली आल्या की एक प्रत विभागात आणि एक स्वतःकडे ठेवा. पेपर लिहायला घ्याल तेव्हा त्या फरीदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करता येतात. ते २०२२ मध्ये सुरू झालंय. तिथून मिळणारा अ‍ॅक्सेशन क्रमांक प्रबंधाच्या पद्धतींच्या प्रकरणात द्या, मिरबेसच्या आवृत्तीच्या शेजारीच.